खिडकीच्या डाव्या कोपऱ्यातील यादी

विंडोज प्रणालीत शीर्षपट्टीच्या अगदी डाव्या टोकाला जे इवलेसे चिन्ह असते, त्यावर टिचकी मारली अथवा आल्ट आणि स्पेसबार या कळा एकत्र दाबल्या, म्हणजे हलवा, आकार बदला, लहान करा, मोठे करा, बंद करा अशा हुकमांची जी आटोपशीर यादी उलगडते, ती १९८५ साली आलेल्या पहिल्या आवृत्तीपासून आजतागायत टिकून आहे. ज्यांचा हात माऊसवर स्थिरावत नाही, त्यांना खिडकी हलविण्याचा तो जुना व भरवशाचा मार्ग आहे, आणि म्हणूनच तिच्याकडे कोणी क्षुल्लक म्हणून पाहू नये असे मला मनापासून वाटते.

या सिस्टम मेनूत आपलेही कलम दाखल करण्याची मुभा प्रोग्रॅमला आहे. एरवी सर्व खिडक्यांना प्रणालीची प्रमाण यादीच मिळते. परंतु ‘गेटसिस्टममेनू’ या फंक्शनकडे मागणी करताच त्या एका खिडकीपुरती तिची स्वतंत्र नक्कल हाती येते, आणि मग ‘अपेंडमेनू’ने तिच्या शेवटी एक विभाजक रेषा व त्याखाली, समजा, ‘या प्रोग्रॅमविषयी’ असे कलम जोडता येते. चार्ल्स पेटझोल्ड यांनी विंडोज-प्रोग्रॅमिंगवरील आपल्या प्रसिद्ध ग्रंथात ‘पुअरमेनू’ या छोट्या प्रोग्रॅमद्वारे हीच युक्ती शिकविली आहे.

खरी मेख क्रमांकात आहे. प्रणालीने ६१,४४० पासून वरचे क्रमांक स्वतःच्या हुकमांसाठी राखून ठेवले आहेत, तेव्हा आपला क्रमांक त्याहून लहान हवा. शिवाय निवडीची वर्दी देणाऱ्या ‘सिसकमांड’ संदेशातील क्रमांकाचे शेवटचे चार बिट प्रणाली आपल्या अंतर्गत कामासाठी वापरीत असल्यामुळे, तो सोळाच्या पटीत निवडावा आणि तुलनेपूर्वी ते चार बिट पुसून टाकावेत, हे उत्तम. जो हुकूम आपला नव्हे, तो निमूटपणे ‘डेफविंडोप्रॉक’कडे रवाना करावा; ही तजवीज राहून गेली, तर खिडकी हलेनाशी होते, मोठी होईनाशी होते, इतकेच नव्हे तर बंदही होत नाही, आणि बिचारा नवशिक्या प्रोग्रॅमर दोष भलतीकडेच शोधीत बसतो.

कलमे जोडता येतात तशी निष्प्रभही करता येतात. फाइल लिहिली जात असताना ‘बंद करा’ हे कलम करडे केले, तर उजव्या कोपऱ्यातील फुलीही त्याबरोबर करडी होते. परंतु काम उरकताच ते पुन्हा जागे करणे अगत्याचे आहे. मूळ यादीच परत हवी असेल, तर ‘गेटसिस्टममेनू’लाच दुसऱ्या जागी ‘ट्रू’ हे मूल्य द्यावे : नक्कल रद्द होते आणि प्रमाण यादी पुनश्च कायम होते.