एका गठ्ठ्यासाठी दोन पोरं कशाला?

सुट्टीच्या दिवशी अंबाबाईचं दर्शन आटोपून लोक कोल्हापूरच्या चप्पल लाईनमध्ये शिरतात, तेव्हा दुकानदाराची खरी कसोटी लागते. खपणारे नंबर हाताशी, बाकी माल माळ्यावर. आठ नंबरची कापशी चप्पल खाली नसली, की पोरगं वर पळतं. ते येईपर्यंत मालक थांबत नाही, पुढच्या गिऱ्हाइकाला हाताशी असलेले जोड दाखवतो. तेवढ्यात आणखी कुणी तीच कापशी मागितली, तर दुसरं पोरगं तो धाडत नाही. ‘बसा पाव्हणं, येतोय गठ्ठा.’

प्रोसेसरजवळची कॅश मेमरी (पैशाची नव्हे) हेच करते. हाताशी असलेली माहिती प्रोसेसरच्या घड्याळाच्या चार-पाच ठोक्यांत मिळते. मुख्य मेमरीतून आणायची तर दोन-तीनशे ठोके जातात. आणताना बहुतेक प्रोसेसर 64 बाइटांचा अख्खा गठ्ठाच आणतात.

केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी अशा छोट्या, चपळ मेमरीची कल्पना 1965 मध्ये मांडली. पण मागितलेलं सापडलं नाही की सगळं काम खोळंबायचं. 1981 मध्ये डेव्हिड क्रॉफ्ट यांनी त्यावर तोड काढली: कॅशला एक छोटी नोंदवही द्यायची. कोणता गठ्ठा मागवलाय आणि आल्यावर तो कुणाकुणाला द्यायचाय, एवढंच तिच्यात लिहायचं. त्याच गठ्ठ्याची मागणी पुन्हा आली, तर नवी फेरी नाही, जुन्या नोंदीत नाव वाढवायचं. जाहिरातीत गिगाहर्ट्‌झचे आकडे मिरवतात. माझ्या मते आजच्या वेगाचं मोठं श्रेय या वहीला आहे.

वहीत जागा मात्र थोडी. इंटेलच्या अनेक प्रोसेसरांत सर्वांत जवळच्या कॅशला प्रत्येक कोअरमागे अशा दहा-बारा नोंदी असतात. त्या भरल्या, की पुढच्या मागणीला ताटकळावंच लागतं.

आणि कधी वही रिकामी असूनही उपयोग होत नाही. शिवाजी विद्यापीठात संगणकशास्त्र शिकणाऱ्यांनी हे जरूर करून पाहावं. एक कोटी आकडे आधी ओळीनं मांडून बेरीज करा. मग तेच आकडे लिंक्ड लिस्टमध्ये, मेमरीभर विखरून. ओळीतला पुढचा आकडा कुठे आहे हे आधीच ठाऊक असतं, म्हणून अनेक गठ्ठे एकदम मागवता येतात. लिंक्ड लिस्टमध्ये पुढचा पत्ता आधीच्या गठ्ठ्यातच लिहिलेला. पहिलं पोरगं खाली उतरेपर्यंत दुसऱ्याला कुठे पाठवायचं, हेच कळत नाही. बेरीज तीच येते, वेळ मात्र कितीतरी पट जास्त लागतो.