‘कोड’ आणि ‘कोढ’ : एका त्वचारोगाचे नाव व निदान

धाराशिव जिल्ह्यात मराठीच्या शेजारी दखनी उर्दू पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहे. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता व कारभाराची भाषा उर्दू होती. अशा द्वैभाषिक प्रदेशात एका अक्षराचा भेद रुग्णास किती महाग पडू शकतो, हे दाखविणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

संस्कृत वैद्यकात ‘कुष्ठ’ ही एका रोगाची संज्ञा नव्हती; सुश्रुताने सात महाकुष्ठे व अकरा क्षुद्रकुष्ठे मिळून अठरा प्रकार मानले आहेत. याच शब्दापासून मराठीतील ‘कोड’ व हिंदी-उर्दूतील ‘कोढ’ ही रूपे आली. अर्थ मात्र वेगळे झाले. आजच्या मराठीत कोड म्हणजे रंगद्रव्य नाहीसे होऊन पडणारे पांढरे डाग. त्यांचा जंतूंशी संबंध नाही. कोढ म्हणजे आपण ज्यास महारोग वा रक्तपिती म्हणत आलो, तो जंतुजन्य कुष्ठरोग. त्यामुळे दोन्ही बाजूंनी चूक संभवते. कोड असलेल्या निरुपद्रवी माणसास लोक दूर ठेवतात. आणि कुष्ठाचा फिकट चट्टा कोड समजून खरा रुग्ण स्वस्थ बसतो.

निदान नावावरून नव्हे, स्पर्शावरून होते. रुग्णास डोळे मिटावयास सांगून चट्ट्यावर हलका स्पर्श करतात व तो कोठे झाला ते बोटाने दाखवावयास सांगतात. कोडात संवेदना शाबूत असते; गजकर्णात खाज असते; कुष्ठाचा फिकट वा लालसर चट्टा बधिर असतो. जाड झालेल्या नसा आणि त्वचाद्रवाच्या तपासणीत आढळणारे जंतू ही अन्य प्रमुख लक्षणे होत.

हॅन्सनने १८७३ मध्ये नॉर्वेत शोधलेला हा जंतू अत्यंत सावकाश वाढतो. म्हणून लक्षणे दिसण्यास अनेक वर्षे लागू शकतात. रिफॅम्पिसिन, डॅप्सोन व क्लोफाझिमिन यांच्या बहुविध औषधोपचाराने रोग सहा किंवा बारा महिन्यांत बरा होतो. शासकीय आरोग्यकेंद्रांत हा उपचार विनामूल्य मिळतो. मात्र उशीर झाल्यास मज्जातंतूंची हानी भरून येईलच असे नाही.

२००५ च्या अखेरीस देशातील प्रमाण दहा हजारांत एकाहून खाली आले. रोग विरळ झाला, की त्याची शंकाही विरळ होते. नावाची दहशत मात्र टिकून राहते. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यातून वगळण्यास २०१९ साल उजाडावे लागले. म्हणून रुग्णास ‘हे कोड आहे का?’ असे न विचारता ‘येथे स्पर्श कळतो का?’ असे विचारावे. दुसऱ्या प्रश्नाचा अर्थ दोन्ही भाषांत एकच आहे.