कडकनाथची पारख

धार म्हटलं की मराठी माणसाला पवारांची गादी, भोजशाळा आणि पावसाळ्यातला मांडू आठवतो. याच जिल्ह्याच्या पश्चिम अंगाला कुक्षी, बाग, गंधवानी हा भिल्ल-भिलालांचा डोंगराळ मुलूख आहे. तिथल्या परसांत वावरणाऱ्या कोंबडीचं नाव मात्र गेल्या दहा-बारा वर्षांत रांचीपासून सांगलीपर्यंत पोचलं. ती कोंबडी म्हणजे कडकनाथ. झाबुआ, अलीराजपूर आणि धार हे तिचं मूळ क्षेत्र. शेजारच्या गुजरात-राजस्थानच्या सीमाभागातही ती सापडते. गावात तिला ‘काली मासी’, म्हणजे काळ्या मांसाची, म्हणतात.

नाव ठेवणाऱ्यांनी नेमकं ठेवलं आहे. कडकनाथची पिसं काळी, चोच काळी, पाय आणि तळपाय राखाडी-काळे. तुरा आणि गळ्याखालचे लोलक जांभळट, जीभही तशीच. कापल्यावर कातडी, मांस, आतडी, हाडांवरचं आवरण सगळ्यांवर काळसर छटा दिसते. रक्त मात्र लालच असतं आणि अंडं फिकट तपकिरी. काळं रक्त, काळी अंडी ही बाजारात पिकवलेली कंडी आहे. जातीत तीन वाण मानले जातात: पूर्ण काळा जेट ब्लॅक, पिसांवर पांढऱ्या रेघा असलेला पेन्सिल्ड आणि मान-पाठीवर सोनेरी झाक असलेला गोल्डन. तिघांचं आतलं काळेपण सारखंच.

वजनात हा पक्षी हलका. पूर्ण वाढलेला कोंबडा साधारण दीड किलोचा, कोंबडी एक किलोची. बरेलीजवळच्या इज्जतनगर इथे केंद्रीय पक्षी संशोधन संस्था आहे. तिथल्या नोंदींनुसार कडकनाथचं वजन वीस आठवड्यांत ९२० ग्रॅम भरतं. तलंग अंड्यावर येते १८० दिवसांनी आणि वर्षाला १०५च्या आसपास अंडी देते. ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलोचा होतो. म्हणजे धंद्याच्या हिशेबानं कडकनाथ तोट्याचाच. तरीही तो टिकला, कारण तो पाळणाऱ्यांनी त्याला धंदा म्हणून पाळलंच नाही. परसात दाणे टिपत फिरणारा, किडे-वाळवी खाऊन पोट भरणारा, अडीअडचणीला हाटात विकता येणारा, दिवाळीला देवापुढे बळी देता येणारा पक्षी त्यांना हवा होता.

जात ‘राखणं’ ही मात्र वेगळी गोष्ट. ती कशी राखतात हे समजायला थोडं लांब, इंग्लंडातल्या केंट परगण्यात जावं लागतं.

ऑर्पिंग्टन गावच्या विल्यम कुकनं १८८६मध्ये मिनोर्का, लँगशान आणि प्लायमाउथ रॉक यांचे संकर जुळवून काळी ऑर्पिंग्टन कोंबडी तयार केली. लंडनच्या धुराची काजळी पिसांवर दिसू नये म्हणून रंग काळा, आणि गिऱ्हाइकाला ताटात उजळ मांस हवं म्हणून कातडी पांढरी. त्या काळी विलायतेत कोंबड्यांच्या प्रदर्शनांचं खूळ जोरात होतं. ब्रिटनचा पोल्ट्री क्लब १८७७चा. अमेरिकेत त्याआधीच, १८७४मध्ये, ‘स्टँडर्ड ऑफ परफेक्शन’ हा प्रमाणग्रंथ निघाला होता. प्रत्येक जातीचा तुरा कसा, पाठीचा बाक किती, नखांचा रंग कोणता, कोंबड्याचं वजन किती, हे सगळं कागदावर आलं. घरच्या अंगणात चार कोंबड्या पाळणारा माणूसही तो कागद समोर ठेवून ठरवू लागला की कुठला कोंबडा पैदाशीला ठेवायचा आणि कुठला रश्श्यात घालायचा.

कागदी प्रमाणाचा फायदा झाला तसा तोटाही. परीक्षकांना भरघोस पिसारा आवडतो म्हटल्यावर पैदासकार पिसाऱ्यामागे लागले. ऑर्पिंग्टन कापसाच्या गठ्ठ्यासारखी फुगली आणि अंडी घटली. त्याच काळ्या ऑर्पिंग्टनची काही कुळं ऑस्ट्रेलियात गेली होती. तिथल्या लोकांनी पिसाऱ्याकडे काणाडोळा करून अंडी मोजली. त्यातून ऑस्ट्रालॉर्प ही जात झाली. १९२२-२३च्या एका स्पर्धेत सहा ऑस्ट्रालॉर्प कोंबड्यांनी वर्षात १,८५७ अंडी दिली. एकाच रक्ताच्या दोन जाती झाल्या, कारण दोन ठिकाणच्या माणसांनी वेगवेगळी गोष्ट निवडली. ही काळी ऑस्ट्रालॉर्प पुढे भारतातल्या सरकारी कुक्कुट प्रक्षेत्रांवर आली आणि तिथून गावोगावच्या परसांत गेली. काळी पिसं, गडद पाय, पांढरी कातडी. लांबून पाहणाऱ्याला ती कडकनाथच वाटावी.

कडकनाथची खरी गोम इथे आहे. ऑर्पिंग्टनचं प्रमाण बाहेरून पाहून तपासता येतं. कडकनाथची ओळख आतली आहे, आणि ती आतली ओळखही फसवते.

काळ्या कातडीच्या कोड्याला पहिल्यांदा हात घातला केंब्रिजच्या विल्यम बेटसन आणि रेजिनाल्ड पनेट यांनी. त्यांच्याकडे होती चिनी सिल्की. तिची पिसं पांढरी, पण कातडी काळी. १९११मध्ये त्यांनी दाखवलं की यामागे दोन जनुकांचा खेळ आहे. एक जनुक काळा रंग शरीरभर पसरवतं आणि ते आई-बापापैकी एकाकडून आलं तरी काम करतं. दुसरं जनुक तो रंग अडवतं आणि ते झेड या लिंगगुणसूत्रावर असतं. काळ्या कातडीच्या जातींत अडवणारं जनुक नसतं, पांढऱ्या-पिवळ्या पायांच्या कोंबड्यांत असतं. पक्ष्यांमध्ये नराला दोन झेड असतात. मादीला एकच झेड मिळतं, तेही बापाकडून. म्हणून काळ्या जातीचा कोंबडा पांढऱ्या पायांच्या कोंबड्यांवर सोडला तर मुली बापासारख्या काळ्या निघतात आणि मुलगे फिकट. शंभर वर्षांनी, २०११मध्ये, रंग पसरवणाऱ्या जनुकाचा ठावठिकाणाही लागला. विसाव्या गुणसूत्राचा एक तुकडा दुप्पट झालेला असतो आणि त्यात ईडीएन३ हे जनुक असतं. चीनची सिल्की, इंडोनेशियाची अय्याम चेमानी आणि आपला कडकनाथ या तिघांत तोच बदल सापडतो.

हाटात याचा अर्थ काय होतो? कडकनाथ कोंबडा आणि ऑस्ट्रालॉर्प कोंबडी यांची पिल्लं घेतली, तर निदान माद्या तरी पिसांनी आणि कातडीनं काळ्या निघतील. चोच उघडून जीभ पाहिली तरी गिऱ्हाइकाचं समाधान होईल. प्रत्यक्षात त्यांत कडकनाथचं रक्त निम्मंच. त्या माद्या पुन्हा शुद्ध कोंबड्याखाली गेल्या तर पुढची सगळी पिल्लं काळीच. भेसळ उघडी पडते ती संकरित नर आणि संकरित मादी एकत्र आल्यावर. तेव्हा सरासरी चारांतलं एक पिल्लू पांढऱ्या कातडीचं निघतं. तोवर मूळ विकणारा पैसे घेऊन गेलेला असतो.

संकर करणं हा काही गुन्हा नव्हे. इज्जतनगरनं कडकनाथपासून ‘कॅरी श्यामा’ तयार केली. जबलपूरच्या पशुवैद्यक विद्यापीठानं ‘नर्मदानिधी’ काढली. तिच्यात पाव हिस्सा कडकनाथ आणि बाकी ‘जबलपूर कलर’ ही कोंबडी. दोन्ही उघडपणे संकरित म्हणूनच दिल्या जातात आणि परसातलं उत्पन्न वाढवतात. अडचण येते ती संकराला मूळ नावानं विकलं की.

आणि विकण्याची घाई जोरात होती. झाबुआच्या ग्रामीण विकास ट्रस्टनं २०१२मध्ये कडकनाथच्या मांसासाठी भौगोलिक मानांकनाचा अर्ज केला. मध्येच छत्तीसगडच्या दंतेवाड्यानंही हक्क सांगितला आणि दोन राज्यांत कोंबडीवरून जुंपली. शेवटी ३० जुलै २०१८ रोजी मानांकन झाबुआच्या पदरात पडलं. मानांकनाच्या नावात धार नाही, जात मात्र दोन्ही जिल्ह्यांची. मानांकनानं नावाला आणि प्रदेशाला कवच मिळालं. एखाद्या कोंबड्याच्या बापाचा दाखला त्यातून मिळत नाही.

महाराष्ट्रानं या नावाची किंमत वेगळ्याच तऱ्हेनं मोजली. सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरच्या एका कंपनीनं शेतकऱ्यांना पिल्लं आणि खाद्य देऊन अंडी-पक्षी चढ्या दरानं परत घेण्याचा वायदा केला. २०१९मध्ये तो डोलारा कोसळला. हजारो शेतकऱ्यांचे पैसे अडकले, गुन्हे दाखल झाले आणि खुराड्यांत खाद्याविना पक्षी उरले. पुढच्याच वर्षी महेंद्रसिंह धोनीनं रांचीच्या आपल्या शेतासाठी झाबुआकडे २,००० पिल्लांची मागणी नोंदवली आणि नाव पुन्हा वर्तमानपत्रांत आलं. जानेवारी २०२१मध्ये झाबुआतल्या फार्मवर बर्ड फ्लू शिरला आणि पक्षी नष्ट करावे लागले. पिल्लं रांचीला निघाली ती २०२२मध्ये.

या सगळ्या गलक्याच्या मागे कृषी विज्ञान केंद्रांचं आणि घरोघरच्या बायकांचं काम चालू असतं. ते चिकाटीचं आहे, कारण कडकनाथ कोंबडी खुडूक फारशी बसत नाही. तिची अंडी दुसऱ्या गावरान खुडूक कोंबडीखाली ठेवावी लागतात, नाहीतर यंत्रात. यंत्रात ३७.५ अंश सेल्सिअस, अठराव्या दिवसापर्यंत अंडी फिरवत राहणं, शेवटचे तीन दिवस ओलावा वाढवणं, आणि एकविसाव्या दिवशी पिल्लं. इज्जतनगरच्या नोंदीत फलनाचं प्रमाण ५५ टक्के आहे आणि फलित अंड्यांतून पिल्लं निघण्याचं ५२ टक्के. म्हणजे शंभर अंडी बसवली तर हाती तिसाच्या आतच पिल्लं.

ती जगवणं हे पुढचं काम. पहिल्या आठवड्यात पिल्लांना ३५ अंशांची ऊब लागते. मग दर आठवड्याला ती तीनेक अंशांनी कमी करत न्यायची. पहिल्या आठवड्यातच मानमोडीवरची लासोटा लस, दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी गंबोरोची, पुढे देवीची. परसातला पक्षी काटक असतो हे खरं, पण मानमोडी गावात शिरली की काटकपणा कामी येत नाही. एका रात्रीत खुराडं रिकामं होतं, आणि त्याबरोबर वर्षानुवर्षं निवडलेलं कूळही जातं.

निवड नेमकी इथेच कच्ची राहते. होळीआधीचा भगोरिया असो की दिवाळीचा बाजार, हाटात सर्वांत आधी उचलला जातो तो सर्वांत वजनदार, रुबाबदार कोंबडा. मागे उरलेला लहानखुरा नर पुढच्या पिढीचा बाप होतो. केंटमधल्या पैदासकारानं प्रदर्शनासाठी जो कोंबडा ठेवला असता तोच आपल्याकडे आधी विकला जातो. असं दर पिढीला होत राहिलं की बाहेरून कुणी भेसळ न करताही जात खालावते.

त्यावरचा उपाय फार खर्चाचा नाही. आठ-दहा माद्यांमागे एक नर ठेवायचा आणि तो विकायचा नाही. पिल्लांच्या पंखात किंवा पायात क्रमांकाची पट्टी घालायची. दरवर्षी नर दुसऱ्या घरच्या कुळाशी बदलून घ्यायचा, म्हणजे भावंडांची भावंडांशी जोडी लागत नाही. तळपाय फिकट किंवा जीभ गुलाबी असलेलं पिल्लू पैदाशीतून बाद करायचं, ते खाण्याला चालतं.

राहिला प्रश्न विकत आणलेल्या कोंबड्याचा. त्याच्या रक्ताची पारख घरच्या घरी होते. त्याला पांढऱ्या पायांच्या साध्या कोंबड्यांबरोबर वेगळं ठेवायचं आणि होणाऱ्या पिल्लांतल्या फक्त तलंगा मोजायच्या. कोंबड्याकडे काळं जनुक एकाच बाजूनं आलेलं असेल, तर निम्म्या तलंगा पांढऱ्या कातडीच्या निघतात. त्यात एकही पांढरी दिसली तर कोंबडा पैदाशीला नको. दहाच्या दहा काळ्या निघाल्या, तर रंगापुरती फसगत होण्याची शक्यता १,०२४मध्ये एक. बाकीच्या गुणांसाठी त्याच्या आई-बापाची नोंद मागावी लागते, आणि ती मिळण्याची जागा म्हणजे झाबुआ-धारची कृषी विज्ञान केंद्रं किंवा पट्टी घालून वही ठेवणारं एखादं घर.