पनवेलला उतरा, बंदरावर जा!



गाळप हंगाम आटोपला, शेवटची मोळी गव्हाणीत पडली, की आपल्याकडे सहलीचे वेध लागतात. कोकण म्हटले की जीप भरून मंडळी अलिबागच्या वाळूवर जातात, घोडागाडीत बसतात, शहाळे पितात आणि परत येतात. दर्या बघितला, पण दर्यावर पोट असलेला माणूस बघायचा राहूनच गेला! म्हणून यंदा आम्ही वेगळी वाट सुचवतो. मुंबईला लेकाकडे, लेकीकडे जाताना पनवेलला उतरा.

पनवेल म्हणजे नुसते गाडी बदलायचे ठिकाण नव्हे. गाढी नदीकाठी इथे जुना कोळीवाडा आहे. पुढे उरणला एस.टी. जाते. बेलापूरहून लोकलही आहे. जानेवारी २०२४ पासून ती थेट उरणपर्यंत धावते. उरणच्या पुढे द्रोणागिरी डोंगराच्या पायथ्याशी करंजा हे मच्छीमारांचे बंदर आहे. तिथे भल्या पहाटे पोहोचा.

निघण्यापूर्वी पंचांग जरूर बघा. खाडीतले डोलीचे जाळे पाण्याच्या ओढीवर चालते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, ओढ जोराची, म्हणून जाळ्यात बोंबील-जवळा बरा येतो. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे पाणी मंद. आपल्या पाटपाण्याची पाळी असते ना, तशीच ही दर्याची पाळी! आणखी एक ध्यानात ठेवा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. तेव्हा मेअखेरच्या आत जा, नाहीतर नारळी पौर्णिमेनंतर.

धक्क्यावर होडी लागली की टोपल्या उतरतात, बर्फ फुटतो, बोली सुरू होते. विक्रीचा व्यवहार बहुतेक बायकांच्या हाती. तो बघताना आपल्याला आपलाच धंदा आठवेल. तोडलेला ऊस उन्हात पडला की वजन आणि उतारा घटतो, म्हणून आपण वाहनासाठी तळमळतो. मासळीचे तर तासातासाला मोल उतरते. आपल्या उसाला निदान कायद्याने ठरलेला किमान दर आहे, चौदा दिवसांत पैसे देण्याचे बंधन आहे. कोळ्याला तसला आधार नाही. त्या सकाळी बोली होईल तो भाव. म्हणून त्यांनीही सोसायट्या काढल्या. डिझेलवरच्या कराचा परतावा सोसायटीमार्फत मिळतो. सहकार काय तो आपल्याच घाटमाथ्यावर आहे, असे समजू नका!

आता जरा कडू बोलतो. न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झाले. आपली साखर परदेशी जाते ती अशाच बंदरांतून. त्या बंदरापायी शेव्याचे कोळी उठले आणि उरणजवळच्या हनुमान कोळीवाड्यात आले. नव्या घरांना वाळवी लागली. खाडीत भराव पडले, मासळीच्या जागा गेल्या. २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने चार कोळीवाड्यांतल्या १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. आदेश निघाला म्हणजे पैसा हातात पडला असे नव्हे, हे धरणात जमिनी गेलेल्यांना आम्ही काय सांगावे? कोयनेच्या पाण्याखाली गावे गेली तेव्हा आपली कित्येक माणसे याच रायगड जिल्ह्यात येऊन वसली. उठवलेल्या माणसाचे दुःख आपल्याला परके नाही.

तेव्हा तिथे तमाशा बघायला म्हणून जाऊ नका, पाहुणे म्हणून जा. वाळत घातलेल्या मासळीवर, जाळ्यावर पाय देऊ नका. बायाबापड्यांचा फोटो काढायचा तर आधी विचारा. घासाघीस बेताने करा. आपल्या उसाला कोणी काटा मारला तर कसे वाटते, ते आठवा. जे खात असतील त्यांनी चार मासे तिथेच विकत घ्यावेत. खाडीचा जिताडा मिळाला तर सोडू नका. माळकऱ्यांनी नुसते बघावे, त्यातही पुष्कळ आहे.

आणि घरची चार ढेपा गूळ बरोबर असू द्या. दोन घटका बसून एकमेकांच्या धंद्याचे बोलणे झाले, तर ती सहल पदरात पडली असे आम्ही म्हणू.