कात्रीला कागदाचं वावडं

कापडाच्या कात्रीने कागद कापला की शिंपी चिडतो, ते उगाच नाही. कागद पांढरा, गुळगुळीत व्हावा म्हणून त्यात चिनी माती नाहीतर खडूची भुकटी मिसळतात. हे खनिजकण धार झिजवतात.

पण कात्रीची खरी गंमत बाकात आहे. दोन्ही पाती किंचित धनुष्यासारखी वाकवलेली असतात. मिटताना ती एका वेळी एकाच बिंदूत भिडतात आणि तो बिंदू टोकाकडे सरकत जातो. स्क्रू ढिला पडला की गोधडीचे थर कापले न जाता पात्यांत मुडपतात. म्हणून धारवाल्याला हाक मारण्याआधी स्क्रू आवळून पाहा. धार लावायचीच तर बाहेरच्या उतारावर. आतली बाजू घासून बाक घालवणारे महाभाग कमी नाहीत! गंजलेल्या सुईला मात्र कुरुंदाची पूड भरलेली छोटी उशी पुरते. त्यात चारदोनदा खुपसली की झालं.