आधी ऊब, मग दूध

गेल्या डिसेंबरात आमच्या इमारतीच्या जिन्याखाली, पाण्याच्या पंपाला लागून, कुत्री व्याली. सहा पिल्लं. वॉचमनकाकांनी पहिल्या मजल्यावर सांगितलं, तिथून बातमी चौथ्यावर गेली आणि सकाळी आठच्या आत तिथे तीन वाट्या दूध येऊन पोचलं. एकीत पोळीसुद्धा कुस्करलेली होती. पिल्लांचे डोळे मिटलेले, कानांची भोकं बंद, पायांवर उभं राहायला अजून दोन-तीन आठवडे अवकाश. वाटी त्यांच्या काय कामाची? एक आईने चाटून संपवली, एक कावळ्याने उपडी केली, तिसरीत मुंग्या झाल्या. पिल्लं शहाबादी फरशीवर उघडी पडली होती आणि पुण्यात त्या दिवसांत पहाटेचा पारा दहा-बारा अंशांवर येतो. गोणपाट आणायचं कुणाला सुचलं नाही. मलाही नाही, मी वर बिस्किटं शोधत होते.

आपल्याकडे रस्त्यावरच्या कुत्र्या बहुतेक पावसाळ्यानंतर माजावर येतात, गाभण राहिल्यापासून साधारण ६३ दिवसांनी वितात आणि पिल्लं नेमकी थंडीत येतात. नवजात पिल्लाला थंडी अजिबात झेपत नाही. आपण कुडकुडतो, म्हणजे स्नायू थरथरवून उष्णता तयार करतो. पिल्लाला पहिला आठवडाभर कुडकुडताच येत नाही. मोठ्या कुत्र्याच्या अंगाचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असतं, पहिल्या आठवड्यातल्या पिल्लाचं ३५ ते ३७. तेवढं टिकवायलाही आईचं पोट आणि भावंडांचा ढीग लागतो. भोवतीची हवा सुरुवातीला २९ ते ३२ अंश असावी लागते. बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी ठेवणाऱ्या आज्यांना हा आकडा सांगावा लागला नसता.

ऊब द्यायला फार काही लागत नाही. मोठं खोकं घ्यावं आणि एका बाजूची भिंत इतकी कापावी की आई सहज आत-बाहेर करेल, पण सरपटणारं पिल्लू बाहेर पडणार नाही. तळाशी रद्दीची जाड घडी, तिच्यावर गोणपाट, वर जुनी सुती चादर. दोरे सुटलेलं कापड नको, पिल्लांच्या पायाला त्याचा फास बसतो. कडाका असेल तर बाटलीत गरम पाणी भरून, ती जाड मोज्यात घालून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवावी. उकाडा वाटला तर सरकायला पिल्लांना दुसरी बाजू मोकळी हवी. थर्मामीटर पिल्लंच असतात. एकमेकांवर चढून कुंई-कुंई करत असली तर गारठली आहेत; लांब-लांब पसरून धापा टाकत असली तर तापली आहेत. सैलसर गोळा करून गप्प झोपली असतील आणि झोपेत पाय झटकत असतील तर सगळं ठीक. त्या झटक्यांना घाबरू नये, या वयाची झोपच तशी असते.

दुसऱ्या रात्री आमचा पहिला धडा झाला. दिवसभर पोरांची आणि मोठ्यांचीही रांग लागली होती, प्रत्येकाला पिल्लू हातात हवं होतं. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते, हे तितकंसं खरं नाही. पण गर्दीला ती वैतागते. रात्री तिने पिल्लं एकेक तोंडात धरून कव्हर घातलेल्या एका गाडीच्या मागे हलवली. पाच हलवली. सहावं पहाटे वॉचमनकाकांना फरशीवर सापडलं, गार आणि ढिलं. शेजारच्या काकू लगबगीने ड्रॉपर आणि कोमट दूध घेऊन आल्या.

"अहो काकू, ड्रॉपर ठेवा बाजूला," मी म्हणाले. तोवर मी एका पशुवैद्यांना फोन केला होता म्हणून हे सुचलं, एरवी मीच दूध पाजलं असतं.

गारठलेल्या पिल्लाला दूध पाजणं ही सगळ्यात घातक माया. अंग ३४ अंशांच्या आसपास उतरलं की आतड्यांची हालचाल मंदावते, थांबते. दूध पोटात तसंच पडून आंबतं, पोट फुगतं. चोखायची आणि गिळायची शक्तीही गेलेली असल्याने तेच दूध श्वासनलिकेतून फुप्फुसात उतरतं. तोंडात करंगळी घालून पाहावी: आतूनही गार लागलं आणि पिल्लू चोखत नसेल, तर एक थेंबही द्यायचा नाही. आधी ऊब, तीही सावकाश. गरम पाण्यात बुडवणं नको, हेअर ड्रायर नको. काकूंनी ते पोटाशी, स्वेटरच्या आत धरलं आणि दीड तास तशाच बसून राहिल्या. मग ते वळवळलं, कुरकुरलं आणि त्यांचं बोट चोखायला लागलं. तेव्हा कुठे आम्ही ते आईच्या पोटाशी लावलं.

आईपाशी नेण्याची घाई दुसऱ्या एका कारणासाठीही करावी लागते. चीक. खरवसामुळे चीक म्हटलं की आपल्याला गाय-म्हैस आठवते, पण कुत्रीचाही चीक असतो आणि पिल्लाचा जीव त्यावरच तरतो. पोटात असताना वारेतून आईची रोगप्रतिकारक द्रव्यं फारच थोडी मिळतात, शंभरातली पाच-दहा. बाकीची चिकातून. ती आतड्यातून रक्तात जाण्याचं दार पहिल्या काही तासांत उघडं असतं, चोवीस तासांत बंद होतं. म्हणून सहापैकी सर्वात मरतुकड्या पिल्लाला पहिल्याच दिवशी भरल्या सडाशी लावून द्यावं, धटिंगणांना थोडं बाजूला करून.

पुढचे दोन आठवडे आपलं खरं काम आईला खाऊ-पिऊ घालणं. दूध पाजणाऱ्या कुत्रीला तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नेहमीच्या दुप्पट-तिप्पट अन्न लागतं आणि पाणी सतत. भात, उकडलेली अंडी, बिनमसाल्याचं शिजवलेलं चिकन चालतं. कालच्या रश्शाचा भात नको: कांदा-लसूण कुत्र्यांना बाधतो, हे आपल्या घरांत अजून कुणाला पटत नाही. तिच्यावर लक्षही ठेवावं. एखादा सड लाल, कडक, गरम झाला, स्रावाला घाण वास आला किंवा ती थरथरायला, ताठ पावलांनी चालायला, धापा टाकायला लागली, तर डॉक्टर त्याच दिवशी हवा. थरथर म्हणजे बहुधा रक्तातलं कॅल्शियम घसरलेलं असतं, त्यात सकाळपर्यंत थांबणं परवडत नाही.

पिल्लांचं बरंवाईट आवाजापेक्षा वजनावरून कळतं. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरे. पहिल्या दिवशी वजन किंचित घटलं तर चालतं, त्यानंतर रोज वाढायलाच हवं. आठ-दहा दिवसांत जन्मवजनाच्या दुप्पट व्हावं. आमची पाव किलोच्या आगेमागे होती. ते सहावं दोन दिवस जागचं हललं नाही, तिसऱ्या दिवशी बारा ग्रॅमनी वाढलं आणि काकूंनी व्हॉट्सॲपवर काट्याचा फोटो टाकला.

आई नसेलच तर मात्र पंचाईत. गाईचं दूध पिल्लाला पातळ पडतं. आपण "पचायला जड" म्हणून त्यात पाणी घालतो आणि आणखी वाट लावतो. कुत्रीच्या दुधात गाईच्या दुधापेक्षा प्रथिनं आणि स्निग्धांश दुपटीहून जास्त, दुधातली साखर उलट कमी. म्हणून पिल्लांसाठीची दूध पावडर आणावी, पहिल्या आठवड्यात रात्रंदिवस दर दोन-तीन तासांनी पाजावी. पाजताना पिल्लू पालथं, डोकं जरासं वर. तान्ह्या बाळासारखं मांडीवर उताणं घेतलं की दूध फुप्फुसात जातं. आणखी एक गोष्ट बहुतेकांना माहीतच नसते: तीन आठवड्यांपर्यंत पिल्लाला आपली आपण शी-शू करता येत नाही. आई चाटते तेव्हाच ती होते. आई नसेल तर दर पाजण्यानंतर कोमट पाण्यात पिळलेल्या कापसाने तिथे हलके पुसत राहायचं.

बाराव्या दिवशी आमच्याकडे बारसं असतं. पिल्लांचे डोळेही साधारण तेव्हाच, दहाव्या ते चौदाव्या दिवसात, किलकिले होतात. निळसर, धुरकट. बोटांनी उघडू नयेत. मिटलेल्या पापणीमागे सूज किंवा पू दिसला तरच डॉक्टरकडे न्यावं. कान त्यानंतर काही दिवसांनी उघडतात.

दोन आठवडे झाले की जंतांचं पहिलं औषध. आईच्या पोटात असतानाच आणि नंतर दुधातूनही जंत येतात, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक पिल्लात ते असतात असं धरून चालावं. गरगरीत पोट पाहून "कसं बाळसेदार आहे" म्हणतो, ते बाळसं नसून बऱ्याचदा जंत असतात. औषध वजनावर, डॉक्टरांकडून, दर दोन आठवड्यांनी. पिसवांसाठी मात्र पावडर-फवारे या वयात नको. लिखा काढायची बारीक फणी आणि कोमट पाण्याची वाटी बरी.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दात टोचू लागतात आणि आई पाजता पाजता उठून जाते. तेव्हा उष्टावण: पिल्लांचा कोरडा खाऊ कोमट पाण्यात भिजवून, पातळसर करून उथळ ताटलीत. पहिल्या दिवशी त्यातलं निम्मं पायांना लागतं. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांनी, मग सोळाव्या आठवड्यापर्यंत ठरावीक अंतराने पुन्हा. रेबीजची तीन महिन्यांची झाल्यावर. दत्तक द्यायची तरी आठ आठवड्यांआधी आईपासून तोडू नयेत. अमेरिकेत स्कॉट आणि फुलर यांनी वर्षानुवर्षं पिल्लं पाळून १९६५ साली मांडलं, की तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू जे पाहतं-ऐकतं त्याचं त्याला पुढे भय वाटत नाही. कुकरची शिट्टी, झाडू, लहान मुलं या सगळ्यांची ओळख तेव्हाच व्हावी. पिल्लांजवळ जाताना आई चावली, तर जखम पंधरा मिनिटं साबणाने वाहत्या पाण्याखाली धुऊन लगेच दवाखाना गाठावा, ओळखीची कुत्री आहे म्हणून सोडू नये.

पिल्लं पायांवर उभी राहिली की थंडीची जागा माणूस घेतो. कोलकात्याच्या आयसरमधल्या संशोधकांनी रस्त्यावरच्या ३६४ पिल्लांवर नजर ठेवली होती. सहा-सात महिन्यांपर्यंत जगली ती १९ टक्के, आणि निम्म्याहून जास्त मरणांमागे कुठल्या ना कुठल्या रूपात माणूस होता. आमच्या पार्किंगमध्ये एक पिल्लू पाचव्या आठवड्यात मागे येणाऱ्या गाडीखाली गेलं. त्यानंतर वॉचमनकाकांनी पुठ्ठ्यावर खडूने लिहून गेटला टांगलं: "गाडी काढण्याआधी खाली वाका."

उरलेल्या पाचांपैकी तीन घरं मिळून गेली. आईचं दूध आटल्यावर मार्चमध्ये तिची नसबंदी केली; डाव्या कानाला खाच घेऊन ती परत आली, आणि आता जिन्याखाली काकूंच्या त्या सहाव्यासोबत गोणपाटावर झोपते.