घरातला समुद्र (भाग ५) : टाकी मागून बघा

माझ्या आतेभावाचं घर भिवंडीत पद्मानगरला. खाली यंत्रमागाचा कारखाना, वर राहणं. गेल्या एप्रिलात त्याने खाऱ्या पाण्याची ७५ लिटरची ऑल-इन-वन टाकी आणली. पाणी भरून तीन आठवडे होत नाहीत तोच सकाळी सकाळी त्याचा फोन आला, "दादा, टाकीचं दूध झालंय."

जाऊन पाहिलं तर खरोखरच पाणी दुधासारखं दिसत होतं. लाखो बारीक बुडबुडे फिरत होते. पुढची पातळी नेहमीपेक्षा दोन बोटं वर, आणि मागच्या कप्प्यातला पंप जवळजवळ कोरडा पडून हवा ओढत घुर्र घुर्र करत होता. पुढच्या आणि मागच्या भागाच्या मधल्या भिंतीला वर बारीक दातांची एक खिडकी असते. तिला सगळे इंग्रजी शब्दानेच कोंब म्हणतात, कारण ती कंगव्यासारखीच दिसते. त्या दातांवरून मी बोट फिरवलं, तर करड्या रंगाचा एक ओला थर अख्खाच्या अख्खा सुटून हातात आला. ओल्या कापडाचा तुकडा वाटावा असा. कारखान्यातून उडालेली सुताची लव होती ती. दिवसरात्र हवेत तरंगणारी, कपड्यांवर आणि खिडकीच्या गजांवर बसणारी, आणि आता पाण्यावर बसून कोंबात अडकलेली. थर निघाला, पाणी खळखळत मागे गेलं, पंप बुडाला, आणि पाचेक मिनिटांत टाकी काचेसारखी नितळ झाली.

गेल्या भागात आपण अमोनिया, नायट्राईट आणि नायट्रेटचं चक्र पाहिलं. आज टाकीची निवड. त्याआधी ही हकिकत सांगितली, कारण दुकानात उभं राहिल्यावर आपण सगळे टाकी पुढून बघतो. काच किती स्वच्छ, कोपरे किती सफाईदार, निळा दिवा किती सुंदर. माझं सांगणं एवढंच आहे की टाकी मागून बघा. ऑल-इन-वनचा सगळा जीव तिच्या पाठीत असतो.

मोठ्या मरीन टाक्यांना खाली कपाटात दुसरी टाकी असते, तिला संप म्हणतात. पाणी नळीतून खाली जातं, गाळलं जातं, पंपाने वर येतं. ऑल-इन-वनमध्ये हा संप टाकीच्याच मागच्या भिंतीआड बसवलेला असतो. पाणी कोंबावरून पहिल्या कप्प्यात पडतं, तिथे स्पंज किंवा पांढरा फ्लॉस कचरा अडवतो. मधल्या कप्प्यात कार्बन, सिरॅमिकचे तुकडे किंवा बुडबुड्यांनी घाण वेगळी काढणारा छोटा स्किमर. शेवटच्या कप्प्यात पंप, तो पाणी पुन्हा पुढे फेकतो. नवख्या माणसाला यात मोठा दिलासा आहे. नळजोडणी नाही, गळतीची भीती कमी, आणि लाइट गेली तरी सगळं पाणी एकाच पेटीत समतोल होऊन थांबतं, जमिनीवर येत नाही. संपच्या टाकीत लाइट गेल्यावर वरचं पाणी खाली उतरतं. खाली तेवढी जागा ठेवलेली नसेल तर मध्यरात्री फरशी पुसत बसावं लागतं.

आता मागे नेमकं काय बघायचं? सर्वांत आधी पंपाचा कप्पा. बाष्पीभवनाने पाणी कमी झालं की पुढची पातळी हलत नाही, कारण ती कोंबाच्या उंचीने बांधलेली असते. सगळी घट या एका कप्प्यात दिसते. समजा कप्पा आतून १५ बाय १५ सेंटीमीटरचा आहे. म्हणजे त्यातलं एक सेंटीमीटर पाणी सव्वादोनशे मिलिलिटर. दिवसाला एक लिटर पाणी उडालं तर पातळी जवळजवळ साडेचार सेंटीमीटर उतरते. दोन दिवस लग्नाला गावी गेलात तर नऊ सेंटीमीटर, आणि परत येता तेव्हा पंप हवा पीत असतो. म्हणून दुकानात टेप घेऊन जा. कप्प्याची लांबी, रुंदी आणि पंपावर किती पाणी उभं राहतं, हे मोजा. हात आत जातो का तेही बघा. तळाशी बसलेला पंप काढून धुता आला नाही, तर एक दिवस सगळी टाकी उपसावी लागेल. आपोआप गोडं पाणी भरणारं यंत्र, म्हणजे ऑटो टॉप-ऑफ, त्याचा सेन्सर बसायला त्याच कप्प्यात जागा आहे ना, तेही पाहून घ्या.

उडून जातं ते पाणी, मीठ मागेच राहतं. त्यामुळे वरून भरायचं ते नेहमी गोडं, शुद्ध पाणी. समुद्राच्या पाण्यात दर हजार भागांत सुमारे ३५ भाग क्षार असतात. शंभर लिटरच्या टाकीतून एक लिटर उडालं तर हे प्रमाण ३५.३ च्या आसपास जातं. पंचवीस लिटरच्या टाकीतून तेवढंच उडालं तर साडेछत्तीसच्या जवळ. माशाला हा फरक एकवेळ सोसतो, प्रवाळाला आणि कोळंबीला रोजचा हेलकावा सोसत नाही. "आधी छोटी घेऊन शिकतो, मग मोठी घेईन," असं बरेच जण म्हणतात. हौस समजते, पण खाऱ्या पाण्यात हिशेब उलटा आहे. छोटी टाकी सांभाळायला जास्त कौशल्य लागतं. टेबलावर मावणाऱ्या वीस-पंचवीस लिटरच्या गोंडस टाक्या अनुभवी माणसासाठी सोडा. ७५ ते १२० लिटर ही नवख्यासाठी योग्य मापं. अर्थात पाणी, दगड, काच आणि स्टँड धरून ७५ लिटरची टाकीही शंभर किलोच्या पुढे जाते. जुन्या घराच्या लाकडी माळ्यावर ती ठेवू नका. जमीन मागांच्या ठोक्याने हलत असेल, तर स्टँडच्या खाली रबराची जाड शीट घाला.

भिवंडीत पुढचा प्रश्न उष्म्याचा. टाकीचं पाणी २५-२६ अंशांवर राहायला हवं. एप्रिल-मेमध्ये पारा ३८-४० पर्यंत जातो आणि पत्र्याखालच्या पहिल्या मजल्यावर रात्रीही भिंती तापलेल्या असतात. झाकणाच्या बंद टाक्या, ज्यांच्या छतातच दिवा बसवलेला असतो, त्या दिसायला नीटनेटक्या असतात, पण दिव्याची आणि पंपाची उष्णता आतच कोंडतात. आपल्याकडे उघड्या तोंडाची टाकी बरी. वर बारीक पारदर्शक जाळी बसवावी, म्हणजे मासे उडी मारून बाहेर येत नाहीत आणि निम्मीअधिक लवही वरच अडकते. जाळी दर आठवड्याला धुवायची.

उघड्या पाण्यावर क्लिपचा छोटा पंखा लावला तर दोन-तीन अंश सहज उतरतात. मडक्यातलं पाणी गार होतं त्याच न्यायाने. एक लिटर पाणी उडून जाताना इतकी उष्णता घेऊन जातं की ती सगळी ६० लिटर पाण्यातूनच निघाली, तर ते पाणी नऊ अंशांहून अधिक उतरेल. खोलीची ऊब परत आत शिरत राहते, म्हणून प्रत्यक्षात दोन-तीन अंशच पदरात पडतात. पण पंखा म्हणजे जास्त बाष्पीभवन, म्हणजे पुन्हा पंपाच्या कप्प्याचं माप. आणि जून उजाडला, हवा दमट झाली की मडकंही गार होत नाही आणि पंखाही काम करत नाही. खोलीत एसी नसेल तर पुढेमागे चिलर घ्यावा लागेल असं धरून चला. चिलरच्या दोन नळ्या मागच्या कप्प्यात उतरायला जागा आहे का, हे टाकी घेतानाच बघा. चिलर स्वतःची गरम हवा खोलीत सोडतो, त्यामुळे तो बंद कपाटात कोंबू नका.

भारनियमनाचे ते लांबलचक तास आता मागे पडले असले, तरी दुरुस्तीसाठी लाइट जातेच. मरीन टाकीत लाइट जाणं म्हणजे प्रवाह थांबणं. पाण्याचा पृष्ठभाग हलत नाही, ऑक्सिजन विरघळत नाही, आणि मासे भरगच्च असतील तर काही तासांत संकट येतं. कमी व्होल्टचा डीसी पंप असलेली टाकी घ्या. दहा वॉटचा पंप घरच्या इन्व्हर्टरवर रात्रभर चालतो. दिवा आणि चिलर इन्व्हर्टरवर लावायची गरज नाही, फक्त पंप लावा.

आता पाणी. भिवंडी एके काळी बंदर होती. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि इथल्याच खाडीत शिवाजी महाराजांच्या आरमाराची पहिली जहाजं बांधली गेली. खाडी आजही आहे, भरतीचं खारं पाणी कशेळीपर्यंत रोज येतं. म्हणून काहींना वाटतं, दोन कॅन भरून आणले की झालं. कृपा करून तसं करू नका. त्या पाण्यात शहराची गटारं आणि कारखान्यांचं रंगपाणी मिसळतं, आणि पावसाळ्यात त्याचा खारेपणाही टिकत नाही.

दुसरा मोह मिठाचा. खाडीकाठच्या मिठागरातलं खडेमीठ समुद्राचंच, मग ते का नको? मिठागरात पाणी आटताना आधी चुना आणि जिप्सम खाली बसतं, मग मीठ धरतं, आणि मॅग्नेशियमचे क्षार उरलेल्या कडू पाण्यात राहतात. ते पाणी सोडून दिलं जातं. आपल्या हातात येतं ते जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराईड. प्रवाळाला आणि शंखांना लागणारं कॅल्शियम (लिटरला ४०० मिलिग्रॅमच्या वर) आणि मॅग्नेशियम (१३०० च्या आसपास) त्यात नसतंच. म्हणून रीफसाठी बनवलेलं मीठच घ्यावं लागतं, आणि ते शुद्ध पाण्यात कालवावं लागतं. घरच्या पिण्याच्या आरओतून येणाऱ्या पाण्यात चवीसाठी थोडे क्षार मुद्दाम ठेवलेले असतात. मीटरवर टीडीएस शून्य दाखवणारं आरओ-डीआय पाणी हवं. बोअरचं पाणी तर नकोच. टाकीच्या किमतीत आरओ-डीआय यंत्राची आणि क्षार मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरची किंमत मिळवूनच बजेट ठरवा. काचेची पेटी हा खर्चाचा छोटा भाग आहे, हे दुकानदार क्वचितच सांगतात.

आणि आता जे सांगताना माझा आवाज थोडा चढतो, ते. रीफ टँक म्हणजे प्रवाळ. परदेशी व्हिडिओंत नवख्या माणसाला हॅमर, टॉर्च ही कडक सांगाड्याची प्रवाळं सुचवलेली दिसतात. आपल्याकडे ती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत, म्हणजे वाघाच्या ओळीत. २००१ मध्ये सगळी खडकबांधणी करणारी प्रवाळं, काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखे या यादीत आले. समुद्रघोडे, समुद्रकाकड्याही त्याच यादीत. कोस्टल रोडच्या कामात २०२० मध्ये हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरची प्रवाळं दुसरीकडे हलवायची होती, तर खुद्द महापालिकेला वन विभागाची परवानगी घ्यावी लागली. मालवणच्या समुद्रात आणि विजयदुर्गसमोरच्या आंग्रिया बँक या पाण्याखालच्या उंचवट्यावर आपली स्वतःची प्रवाळं आहेत. गरम होत चाललेल्या समुद्रात ती आधीच झगडत आहेत. कुणाच्या दिवाणखान्यासाठी त्यातला एक तुकडाही तुटता कामा नये. "लाइव्ह रॉक" म्हणून विकले जाणारे दगड बहुतेकदा मेलेल्या प्रवाळाचे सांगाडेच असतात. त्याऐवजी सिरॅमिकचा कृत्रिम दगड घ्या, जिवाणू त्यावरही बसतात. फक्त धीर धरावा लागतो.

मग टाकीत लावायचं काय? मऊ प्रवाळं आणि त्यांचे नातलग, म्हणजे मशरूम, लेदर आणि झोअँथिड. नवख्याला तीच झेपतात, ऑल-इन-वनच्या साध्या दिव्यातही वाढतात. तीही कागदपत्रं दाखवणाऱ्या विक्रेत्याकडूनच घ्या. झोअँथिड मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यांवर ओहोटीला उघडे पडतात. ते तिथेच बघावेत, उपटून आणू नयेत. आणि एक सावधगिरी: काही झोअँथिडांत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. हातमोजे आणि चष्म्याशिवाय त्यांना कापू-घासू नका, आणि ते चिकटलेला दगड कधीही उकळत्या पाण्यात टाकू नका. वाफेतून ते विष सगळ्या घराला बाधू शकतं.

माशांबद्दल सविस्तर पुढे येईलच. इथे एवढंच, की पहिली जोडी क्लाउनफिशची घ्या, आणि तीही पैदास केलेली. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या साहाय्याने शोभेच्या सागरी माशांची पैदास होते. भिवंडीहून ऐरोली तासाभराच्या अंतरावर आहे. टाकी घेण्याआधी एकदा जाऊन या. बशीएवढ्या जागेत अंड्यांना पंखांनी वारा घालणारा नर पाहिलात की टाकीत किती मासे भरायचे, या प्रश्नाचं उत्तर आपोआप कमी होतं.

आतेभावाने नंतर तीच टाकी ठेवली, बदलली नाही. पंपाच्या कप्प्यावर बाहेरून पांढऱ्या पट्टीने दोन खुणा केल्या, एक भरलेल्या पातळीची आणि एक धोक्याची. त्याच्या कारखान्याला शुक्रवारी सुट्टी असते. माग बंद, हवेत लव नाही. त्या दिवशी दुपारी तो जाळी काढतो, दात घासायचा जुना ब्रश घेतो आणि कोंबाचे दात एकेक करून साफ करतो. मग आठ लिटर पाणी बदलतो. ते आठ लिटर खारं पाणी घरी नीट कसं कालवायचं, ते पुढच्या रविवारी.